मूळ की खोड? प्रदर्शनाच्या टेबलाच्या नोंदी, इंदूर

१८ नोव्हेंबर

जानेवारीत प्रदर्शन. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या वाट्याला यंदा ‘मूळ आणि खोड’ आलं आहे. मॅडमनी आधीच बजावलं: थर्मोकोल नको, विकतचे तक्ते नकोत, टेबलावर जे येईल ते खरं हवं आणि त्याला हात लावता आला पाहिजे. मला पटलं. सोटमुळाची रंगवलेली चित्रं कपाटामागे इतकी साठली आहेत की कपाट भिंतीला लागत नाही.

मदतीला दुसऱ्या वर्षाच्या दोघी. एकीचा हात ब्लेडवर चांगला बसला आहे, दुसरी बोलकी आहे. म्हणजे सेक्शन (सूक्ष्मदर्शकासाठी कापायच्या पातळ चकत्या) आणि माणसं, दोन्हींची सोय झाली.

बेत साधा. समोर मंडीतली भाजी, शेजारी दोन टोपल्या: एक मुळाची, एक खोडाची. येणाऱ्याने वस्तू उचलायची, टोपलीत टाकायची आणि का टाकली ते सांगायचं. मी तिसऱ्या टोपलीचा विषय काढला, ‘सांगता येत नाही’ अशी. मॅडम म्हणाल्या, “मग सगळंच तिच्यात जाईल. नको.”

२० नोव्हेंबर

लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या. आतून काचेला लागून टीपकागद, मधे ओला लाकडाचा भुसा, कागद आणि काच यांच्यामध्ये बी. एकीत हरभरा, दुसरीत मका, तिसरीत मुळा. हरभरा रात्रभर भिजवलेला. मुळ्याला भिजवणं लागत नाही. बरण्या कपाटात, अंधारात.

२३ नोव्हेंबर

हरभऱ्याची मुळं बोटाच्या पेराएवढी झाली. आज खुणा केल्या. वाकवलेल्या तारेवर शिवणाचा दोरा ताणायचा, पाण्याने न फुटणाऱ्या काळ्या शाईत बुडवायचा, टीपकागदावर जास्तीची शाई टिपायची आणि मुळाला नुसता टेकवायचा. टोकापासून वरपर्यंत दर मिलिमीटरला एक रेघ. ब्रशने केलं तर शाई पसरते आणि मूळ वाळतं. ब्लेडवालीने श्वास रोखून केलं, रेघा छापल्यासारख्या आल्या.

२५ नोव्हेंबर

वरच्या रेघा जशाच्या तशा. टोकाच्या जरा मागच्या मात्र लांब लांब गेलेल्या, त्यातल्या एक-दोन तर फाकून पुसट झाल्या आहेत. मूळ सगळीकडून लांबत नाही. टोकामागच्या काही मिलिमीटरच्या पट्ट्यातच लांबतं, आणि पुढचं टोक मातीत ढकललं जातं. सगळं मूळ लांबत असतं तर आधी पक्का बसलेला भागही मातीत घासत पुढे सरकला असता आणि त्याची बारीक मुळं तुटून गेली असती.

ढकलल्या जाणाऱ्या टोकावर मूलटोपी असते. तिच्या बाहेरच्या पेशी मातीला घासून झडतात, बुळबुळीत होतात आणि तेच वंगण होतं. आतून नव्या पेशी येत राहतात. तिच्या मधल्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण तळाला बसतात, त्यावरून मुळाला खाली कुठे ते कळतं. एक बरणी परवाच आडवी करून ठेवली होती, तिच्यातली टोकं आज खाली वळलेली आहेत. ही बरणी टेबलावर आडवीच राहील.

मुळ्याच्या रोपांवर पांढरी लव आली आहे. बोलकी म्हणाली, “काका, बुरशी लागली.” भिंगाखाली धरल्यावर गप्प झाली. मूलरोम आहेत, प्रत्येक म्हणजे एकेका पेशीची बाहेर काढलेली शेपटी. अगदी टोकाला नाहीत, जुन्या भागावरही नाहीत, मधल्याच पट्ट्यात. फार जगतही नाहीत. मूळ पुढे जातं तसे मागचे मरतात, पुढे नवे फुटतात. पाणी आणि क्षार घेण्याचं बरंचसं काम या लवेचं. रोपवाटिकेतून आणलेलं रोप उपटून लावलं की दुपारी मान का टाकतं, ते इथे कळतं: जाड मुळं पिशवीत आली, लव मातीत राहिली.

अमेरिकेत डिटमर नावाच्या संशोधकाने १९३७ मध्ये राय या धान्याच्या एकाच, चार महिने वाढवलेल्या रोपाची मुळं मोजली होती. एकत्र लांबी सुमारे ६२० किलोमीटर भरली. इंदूरहून सडकेने मुंबई गाठून वर उरेल इतकी, आणि यात मूलरोम धरलेले नाहीत. हा आकडा पाटीवर लिहायचा. लोक थांबतात अशा आकड्यापाशी.

२८ नोव्हेंबर

सकाळी चोइथराम मंडी. आणलं ते: शीतगृहातले जुने बटाटे, नवे बटाटे, रताळी, आलं, ओली हळद, अळकुड्या, सुरण, कांदे, लसूण, पाल्यासकट मुळे, गाजर, बीट, आणि गराडू, म्हणजे इकडचा थंडीतला कंद. थंडीत इंदुरात मूळ-खोडाचं टेबल मांडायचं आणि गराडू ठेवायचा नाही, तर रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात तोंड दाखवायची सोय राहायची नाही.

गराडूवाल्याला विचारलं, “भैया, ये जड़ है कि तना?” तो म्हणाला, “बाबूजी, ये गराडू है.” आणि तोलायला लागला.

३० नोव्हेंबर

आजचा दिवस बटाटा आणि रताळ्याचा. दोन्ही जमिनीखालचे, दोन्ही स्टार्चने भरलेले, उपासाला दोन्ही चालतात, आणि टेबलावरची निम्मी समजूत या जोडीवर उभी आहे. जमिनीखाली आहे म्हणजे मूळ, हा समज इथेच मोडायला हवा.

बटाट्याच्या प्रत्येक डोळ्यात एक टाचणी टोचली. मग ज्या टोकाला वेलीची नाळ तुटल्याची खूण असते तिथून सुरुवात करून टाचण्यांवरून लाल दोरा नेला. दोरा गोल गोल फिरत दुसऱ्या टोकाला गेला. फांदीवर पानं ज्या चक्राकार क्रमाने येतात तोच हा क्रम, फक्त फांदी फुगून आखूड झाली आहे. दुसऱ्या टोकाला डोळ्यांची दाटी, कारण ते शेंड्याचं टोक. प्रत्येक डोळ्याला खालून भुवईसारखी एक कड आहे. ती झडलेल्या खवल्यासारख्या पानाची खूण, आणि डोळा म्हणजे त्या पानाच्या बगलेतला कोंब. पेर, पान, बगलेत कोंब: खोडाची सगळी कागदपत्रं इथे हजर आहेत. शेंड्याचा डोळा आधी फुटतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो, म्हणून बेणं कापून लावतात. कापलं की प्रत्येक फोडीतला डोळा मोकळा.

रताळ्यावर टाचणी टोचायला जागाच सापडत नाही. डोळे नाहीत, भुवया नाहीत. आहेत त्या बारीक मुळांच्या खाचा, लांबीच्या दिशेने ओळींत लागलेल्या. रताळ्यालाही कोंब येतात, बहुतेक वेलीकडच्या टोकाला, पण ठरलेल्या जागेवरून नाहीत. हवे तिथून आगंतुक फुटतात. एक रताळं ग्लासात पाण्यावर टेकवून ठेवलं. शेजारी उन्हात एक बटाटा, हिरवा पडण्यासाठी. त्यावर पाटी: ‘खाऊ नये’. हिरवेपणाबरोबर सोलॅनिन हे विषही वाढतं, आणि प्रदर्शनातली वस्तू घरी नेणारे लोक दरवर्षी भेटतात.

मुळ्याने दोघींना छळलं. नावच मुळा, टोपली विचारायलाच नको, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, नीट बघा. खालच्या निमुळत्या भागावर बारीक मुळं आहेत, समोरासमोरच्या दोन ओळींत. वरचा भाग गुळगुळीत, त्यावर एकही मूळ नाही. तो वरचा भाग बीजदलांच्या खालचा दांडा, पुस्तकातला अधराक्ष, फुगलेला. बीटातही वरचा भाग असाच. मुळा अर्धा कापून दोन टोपल्यांत टाकायचा असं बोलकीने सुचवलं. मॅडमना आवडलं. मला वाटतं पाहुण्यांना तेवढंच लक्षात राहील.

कांद्याचं खोड आपण रोज चिरताना फेकून देतो: तळाची कडक चकती. तिच्या खाली मुळांची दाढी, वर पानांचे जाड झालेले तळ. खातो ती पानं. लसणाची पाकळी म्हणजे त्या चकतीवरचा फुगलेला कोंब. खोडाच्या टोपलीत कांद्याची फक्त चकती जाईल.

४ डिसेंबर

सेक्शन. गाजराचा तुकडा उभा चिरून त्याच्या फटीत हरभऱ्याचं कोवळं मूळ धरायचं, नवं ब्लेड पाण्यात ओलं करायचं आणि आपल्याकडे ओढायचं, दाबायचं नाही. चकत्या वॉच ग्लासमध्ये पाण्यावर तरंगतात. त्यातली सर्वांत पातळ, जवळजवळ न दिसणारी ब्रशने उचलायची. सॅफ्रॅनिन या लाल रंगाचे थेंब, थोडा वेळ, मग पाण्याने धुवायचं. जाड भिंतींच्या जलवाहिन्या लाल राहतात, बाकी फिकट पडतं. ग्लिसरीन, कव्हर स्लिप, एका बाजूने तिरकी सोडायची म्हणजे बुडबुडा राहत नाही.

हरभऱ्याच्या मुळात लाल चार टोकांचा तारा बरोबर मधोमध आला. दोन टोकांच्या मधल्या खाचेत अन्न वाहणाऱ्या रसवाहिन्यांचा पुंजका. म्हणजे जलवाहिन्या आणि रसवाहिन्या आळीपाळीने, वेगवेगळ्या त्रिज्यांवर. बागेतल्या सूर्यफुलाच्या खोडात चित्रच वेगळं: कडेने पुंजक्यांचं कडं, प्रत्येक पुंजक्यात बाहेर रसवाहिनी आणि आत जलवाहिनी, एकाच त्रिज्येवर, आणि मधे भरपूर भेंड. मक्याचं खोड स्पिरिटच्या बरणीतलं. त्यात पुंजके सगळीकडे विखुरलेले, कडेला जास्त दाट.

पाहुण्यांना हे सगळं सांगत बसलं तर रांग लागेल. म्हणून एकच प्रश्न ठेवला: सर्वांत बारीक नळ्या कुठे आहेत? जलवाहिन्यांत आधी तयार झालेल्या नळ्या बारीक असतात. मुळात त्या बाहेरच्या टोकाला, खोडात आतल्या बाजूला. एवढं बघता आलं तर पाटी न वाचता सांगता येतं.

हे असं का, याचं निम्मं उत्तर कामात आहे. मुळाला ओढ सहन करायची असते, म्हणून कणखर भाग मधे, विहिरीच्या दोरासारखा. खोडाला वाऱ्यात वाकून परत उभं राहायचं असतं, म्हणून कणखर भाग कडेला. दुसरं कारण फांद्यांचं. खोडाची फांदी वरच्या थरातल्या कोंबातून फुटते. मुळाची फांदी आतून, मधल्या गाभ्याच्या कडेच्या परिरंभ थरातून निघते आणि वरची साल फोडून बाहेर येते. ब्लेडवालीने मक्याच्या मुळाची एक चकती अशी काढली आहे की आडवं मूळ सालीतून अर्धं बाहेर आलेलं दिसतं. ही स्लाइड मी वेगळ्या डबीत ठेवली. अशी परत मिळणं कठीण.

मुळाच्या गाभ्याभोवतीच्या थरातली, म्हणजे अंतस्त्वचेतली, कॅस्परीची पाणी न झिरपणारी पट्टी पाटीवर घ्यायची का, यावर चर्चा. पेशींच्या मधून वाट काढत आलेलं पाणी या पट्टीपाशी अडतं आणि पुढे जायचं तर पेशीच्या आतूनच जावं लागतं. मूळ काय आत घ्यायचं ते इथे निवडतं. गोष्ट मोठी, पण आमच्या सूक्ष्मदर्शकात नीट दिसत नाही. जे दाखवता येत नाही ते टेबलावर नको, हे मॅडमचं म्हणणं मला मान्य आहे.

१० डिसेंबर

गराडू.

आज दोघींनी धुऊन पुसून समोर ठेवला. डोळे नाहीत. खवल्यांच्या खुणा नाहीत. पेरं नाहीत. अंगभर केसांसारखी बारीक मुळं, कशाही क्रमाने. बटाट्याला लावलेले सगळे नियम लावले आणि गराडू प्रत्येकात नापास झाला. दोघींनी तो रताळ्याशेजारी, मुळाच्या टोपलीत टाकला. त्यांच्या हातात जे होतं त्यावरून त्यांचं बरोबरच होतं.

पुस्तकात मात्र तो खोडाकडे आहे. मग आडवा कापून बघितला. रताळ्यासारखा गाभा नाही. पांढऱ्या चिकट गरात वाहक पुंजके विखुरलेले, मक्याच्या खोडाची आठवण होईल असे. गराडू, शास्त्रीय नाव डायोस्कोरिया अलाटा, एकदल आहे, वेलीची पानं जाळीदार शिरांची असली तरी. कंद सुरू होतो तो वेलीच्या बुडाशी, जिथे खोड आणि मुळं दोन्ही फुटतात त्या गाठीतून. वाढतो मात्र उलटा: वाढतं टोक खाली मातीत, शेंड्यावर कोंब नाही, वाटेत पेरं नाहीत. लावलेल्या फोडीला कोंब येतो तो सालीखालच्या थरात नव्याने घडून. असा हा प्रकार.

मी परत तिसऱ्या टोपलीचं काढलं. मॅडम हसल्या, पण टोपली दिली नाही. म्हणाल्या, खोडाच्या टोपलीशेजारी वेगळी ताटली ठेवा.

फोडी करून वाळूच्या ट्रेमध्ये लावल्या: वेलीकडचं डोकं, मधला भाग, शेपूट. डोक्याकडची फोड आधी फुटते. पण गराडू नुकताच काढलेला आहे, आणि काढल्यावर दोन-चार महिने तो झोपलेला असतो, म्हणून प्रदर्शनापर्यंत काही दिसायचं नाही. ट्रे तरी लावून ठेवला.

११ डिसेंबर

गराडू सोलणारीचे हात कालपासून खाजताहेत. लिंबू चोळलं. यावरून सुरण आठवला. सुरणाचा रस स्लाइडवर घेऊन बघितला: कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे, काही पेशीत बांधलेले, काही फुटून विखुरलेले. सुरणाच्या भाजीत चिंच किंवा आमसूल का हवं, ते दोघींनी प्रथमच डोळ्यांनी पाहिलं. अळकुडीतही तेच. ही स्लाइड टेबलावर हमखास चालणार.

सुरणाचं एक आणखी. जमिनीवर दिसतो तो ठिपक्यांचा जाड ‘बुंधा’ खोड नाहीच, एका पानाचा देठ आहे. खोड म्हणजे खालचा कंद, मधोमध एक मोठा कोंब, भोवती वलयं.

१९ डिसेंबर

परीक्षा. काम बंद. रताळ्याला कोंब, ग्लासात मुळं. पाणी बदललं.

२६ डिसेंबर

जमिनीवरच्या वस्तू गोळा केल्या. विभागाच्या बागेतून दूर्वांचा लांब धावरा, प्रत्येक पेराशी मुळं धरलेला; आडवं पळणारं हे खोड. कुंडीतली शतावरी: हिरव्या सुया पानं नसून बारीक खोडं, पानं म्हणजे बुडाशी उरलेले खवले. औषधात जातो तो जाड मुळांचा झुबका खाली. फड्या निवडुंगाचा एक पंजा: हिरवं चपटं ते खोड, काटे म्हणजे पानं. बोगनवेलीचा काटा पानाच्या बगलेत असतो, म्हणजे तो फांदीचा अवतार. गुलाबाचा काटा बगलेत नसतो, तो सालीचा उंचवटा, बोटाने ढकलला की निघतो. बोगनवेलीचा ढकलून बघू नये.

कडुनिंबावरून गुळवेलीची हवेत लोंबणारी मुळंही आणली, दोऱ्यासारखी. वडाच्या पारंब्या टेबलावर येणं शक्य नाही, पण एक कोवळी, अजून जमिनीला न टेकलेली आणली आहे. फांदीतून निघालेलं हे आगंतुक मूळ. माती लागली की जाड होतं आणि फांदीला टेकू देतं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे जाताना जुन्या भिंतींवर पिंपळ दिसतो. मूळ दगडाच्या फटीत शिरतं तेव्हा बारीक असतं, फाकवतं ते पुढे जाड होत जाऊन.

५ जानेवारी

बाजारात हरभऱ्याचे डहाळे आले. ठेल्यावर जुड्या मुळांसकट मिळतात, काळी माती अजून चिकटलेली. विकणारा मुळं तोडून द्यायला लागला, त्याला थांबवलं. तो चक्रावला.

मुळं हलक्या हाताने धुतली. गाठी भरपूर आहेत. एक नखाने फोडली, आत गुलाबी. लेगहिमोग्लोबिनचा रंग, गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, आणि त्यांच्या कामात ऑक्सिजनने खोडा घालू नये म्हणून हे द्रव्य. वाळलेल्या गाठी आतून हिरवट झालेल्या, त्या काम थांबलेल्या. गुलाबी आणि हिरवट अशा दोन्ही भिंगाखाली ठेवणार.

९ जानेवारी

पांढऱ्या शेवंतीची दांडी उभी चिरली, अर्धी लाल रंगाच्या पाण्यात, अर्धी निळ्या. दुपारपर्यंत पाकळ्यांत रंग चढला, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळा. खोडातून पाणी वर जातं ते मुख्यत्वे पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाच्या ओढीने. १८९४ मध्ये डिक्सन आणि जोली यांनी मांडलेली कल्पना आजही त्याचाच आधार आहे. इथे मूळ नाहीच, तरी पाणी चढलं, हे बोलकीने स्वतःहून पाटीत घातलं. चांगली ओळ आहे.

११ जानेवारी

प्रदर्शन. गर्दी छान. मुळा अर्धा कापण्याचा प्रयोग सर्वांत गाजला, आणि मग सुरणाच्या सुया. शेंगदाणा कुठल्या टोपलीत, हे पुष्कळांनी विचारलं. फळ आहे म्हटल्यावर वाद घालणारेही निघाले. आल्याला जवळजवळ सगळे मूळ म्हणतात. वलयं दाखवली, वलयावरचा खवला सोलून त्याच्या बगलेतला कोंब दाखवला, की गप्प.

दुपारी एक आजी आल्या, देवासकडच्या शेतकरी घरातल्या. गराडूच्या ताटलीपाशी थांबल्या, पाटी वाचली आणि मला म्हणाल्या, “अरे बाबा, यात एवढं काय कोडं? आमच्याकडे वेलीवरसुद्धा धरतो. पानाच्या बगलेत. बटाट्याएवढे होतात, पडले की तिथेच रुजतात.”

मॅडम बाजूलाच होत्या. आजींना खुर्ची दिली आणि सगळं नीट विचारून घेतलं. या जातीच्या वेलीवर असे हवेतले कंद येतात, हे पुस्तकात आहे, पण आमच्यापैकी कुणी धरलेला वेल पाहिलेला नव्हता. बगलेत येतो म्हणजे तो कोंबाच्याच जागी आला. वरचा कंद तरी निःशंक खोडाचा. खालचा त्याचाच भाऊ मानायचा की नाही, यावर मॅडम आणि मी चहा होईपर्यंत बोलत होतो. माझं मत: भाऊ आहे, पण घर सोडून गेलेला. मॅडमना ‘आहे’ पुढचं मान्य नाही.

ताटली खोडाच्या टोपलीत सरकवली नाही. पाटीवर आजींचं म्हणणं बोलकीने सुवाच्य अक्षरात लिहिलं.

१३ जानेवारी

आवराआवर. बटाटे (हिरवा सोडून), कांदे, बीट कँटीनला दिले. सुरण कुणी नेईना. स्लाइड्स खोक्यात, आडव्या मुळाची वेगळ्या डबीतच. आजींनी पावसाळ्यानंतर वेल बघायला बोलावलं आहे, पत्ता मॅडमकडे.

वाळूचा ट्रे खिडकीजवळ. ‘गराडू, डोके / मधला / शेपूट, १० डिसेंबर’ अशी चिठ्ठी चिकटवली. पाणी आठवड्यातून एकदाच, वाळू ओली राहिली तर फोडी कुजतात. रविवारी मी नसेन, चावी कपाटाच्या वरच्या खणात.